डंडीचा दंड

२ सप्टेंबर
केतकीकडून, स्कॉटलंडहून, परत येऊन आठवडा झाला. अजून सकाळी नऊपर्यंत डोळा उघडत नाही. संध्याकाळी के.चा फोन. आवाज पडलेला. म्हणे, बाबा, पार्किंगच्या कंपनीचं पत्र आलंय. आम्ही निघायच्या तीन दिवस आधी डंडीत नदीकाठी फिरायला गेलो होतो, तिथल्या वाहनतळाचं. ‘पैसे न भरता गाडी उभी केली’ म्हणून शंभर पौंड. चौदा दिवसांत भरले तर साठ.

पैसे न भरता? मी स्वतः भरले. साडेतीन पौंड, सुटी नाणी, मोजून. सौ.ला बाथरूमची घाई होती म्हणून के. तिला घेऊन पुढे पळाली, जाता जाता म्हणाली, बाबा, तेवढं तिकीट काढा. काढलं. मशीनने गाडीचा नंबर विचारला, दाबला. पावती आली, खिशात घातली. काचेला लावायची पद्धत नाही तिथे, कॅमेराच येणारी-जाणारी गाडी टिपतो. तीन महिन्यांत त्या घरात माझ्यावर सोपवलेलं हे एकच काम.

हे सगळं के.ला सांगितलं. तर म्हणते: “बाबा, नक्की काढलं होतंत ना?”

३ सप्टेंबर
नक्की काढलं होतंत ना. सकाळपासून डोक्यात तेच.

चाळीस वर्षं प्रुफं तपासली मी. शाळेच्या पुस्तकांची. माझ्या हाताखालून गेलेल्या गणिताच्या पुस्तकात मागची उत्तरं चुकलेली कोणी दाखवावीत. आणि पोटची पोर विचारते नक्की का.

दुपारी तिला फोन करून ठणकावलं, एक छदाम द्यायचा नाही. ती म्हणाली साठ पौंडांसाठी कशाला डोक्याला ताप, निखिल भरतो म्हणतोय. जावई चांगलाच आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण म्हटलं, “तू भरलेस तर मी तिकीट काढलंच नव्हतं, असं होईल.” यावर नाही म्हणाली नाही. हो पण म्हणाली नाही.

५ सप्टें.
पत्राचा फोटो मागवून घेतला, नाक्यावरून छापून आणला. एका पानात चार चुका. इंग्रजी ह्यांची मातृभाषा, आणि ‘रिसीव्ह’चं स्पेलिंग चुकलंय. एका वाक्यात क्रियापदच नाही. समासात लाल पेनने खुणा केल्या आणि के.ला म्हटलं, हेच पाठव त्यांना परत. नको म्हणाली. बरं.

तळमजल्यावरच्या साने वकिलांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं. म्हणाले, अहो, हा दंडच नव्हे. दंड सरकार करतं. ही खासगी कंपनी, पाटीवरच्या अटी मोडल्यात म्हणून पैसे मागतेय. पावती दाखवा, विषय संपला.

म्हणजे ‘डंडीत दंड’ ही माझी कोटी वाया गेली. सोसायटीत चार जणांना ऐकवून झाली होती. असो. पावती दाखवली की झालं.

८ सप्टें.
पावती नाही.
कोट, दोन्ही स्वेटर, बॅगेचे सगळे कप्पे, सौ.ची पर्स (परवानगीने), पासपोर्टचं पाकीट. नाही. मी पावती टाकणारा माणूस नव्हे. रेडिओ दुरुस्त केल्याची पावती अजून आहे, रेडिओ नाही.
सौ. म्हणाली सापडेल, आधी जेवून घ्या.

१३ सप्टें.
मार्केट यार्डात गेलो, लसूण आणि झेंडू. बाहेर आलो तर स्कूटर जागेवर नाही. अर्धा तास उन्हात पिशव्या घेऊन हिंडलो. शेवटी पलीकडच्या गल्लीत टेम्पोमागे सापडली. कोणीतरी हलवली असणार. तिथे हमाल लोक सर्रास गाड्या उचलून बाजूला करतात, जाबसाल करायची सोय नाही. घरी उशीर का झाला ते सांगितलं. सांगायला नको होतं.

१५ सप्टें.
के.ने पावतीशिवायच तक्रार दाखल केली. मजकूर माझा. एक पान, स्वल्पविरामासकट तपासून दिलेला. “मी गाडीचा योग्य नंबर दाबून पूर्ण शुल्क भरले.” असं मी लिहिलं, सहीनिशी.

२९ सप्टें.
कं.चं उत्तर. तीन ओळी. आपल्या वाहनाच्या नावे त्या दिवशी कोणताही भरणा नोंदलेला नाही. सबब तक्रार फेटाळली आहे. पटत नसेल तर अठ्ठावीस दिवसांत बाहेरच्या पंचांकडे जा. नाहीतर चौदा दिवसांत साठ भरा, नंतर शंभर, त्यानंतर वसुलीवाले.

अंगाचा तिळपापड झाला. नोंद नाही म्हणे. माझी नाणी त्या मशीनने गिळली, खळखळ आवाज मी कानाने ऐकलाय. ते पैसे गेले कुठे? मशीनच्या खाली भोक आहे का? हजारो मैलांवरून एक म्हातारा काय करणार, हा हिशोब आहे त्यांचा. के. वसुलीवाल्यांच्या नावानेच घाबरली आहे. घर घ्यायचं चाललंय त्यांचं, कर्जाच्या वेळी काही निघालं तर. म्हटलं साने म्हणतात तसं काही होत नसतं. ती म्हणाली, साने वारज्यात राहतात, बाबा.

१ ऑक्टो.
सौ. स्वयंपाकघरात, फोन स्पीकरवर, हात कणकेत. मी पेपर घ्यायला गेलो होतो असा तिचा समज. के.चा आवाज: आई, एकदा बाबांना दाखवून घे ना. साधी टेस्ट असते गं, विसरण्याची. यार्डातलं पण तू सांगितलंस ते.

सौ. म्हणाली, बघते.

बघते! मी काय गळका नळ आहे बघायला? आत गेलो नाही. परत जिना उतरून कोपऱ्यापर्यंत गेलो आणि मग पेपर घेऊन, पायांचा आवाज करत आलो.

४ ऑक्टो.
सापडली! चष्म्याच्या घरात, पुसायच्या फडक्याखाली, चार घड्या घालून. माझ्याच हाताच्या घड्या. तारीख बरोबर. वेळ बरोबर, दुपारी बारा सात. साडेतीन पौंड, बरोबर. नंबर

५ ऑक्टो.
नंबर आमच्या स्कूटरचा आहे. एमएच बारापासून शेवटच्या आकड्यापर्यंत. एकही अक्षर चुकलेलं नाही.

७ ऑक्टो.
पावती ह्या वहीच्या मागच्या खिशात ठेवली आहे. कोणाला बोललेलो नाही. शाई उडायला लागलीय, फिकट गुलाबी झालाय कागद. अजून दोन महिन्यांत कोरा होईल. तसा झाला तर बरंच, असं काल मनात आलं. स्वतःचीच लाज वाटली.

पैसे भरल्याचा हा एकच पुरावा. आणि मी चुकल्याचाही हाच. दाखवली तर मी खोटारडा नाही हे ठरतं, पण मग के. म्हणते ते ठरतं. नाही दाखवली तर डोकं शाबूत आणि माणूस खोटा. वा.

नंबर दाबताना काय झालं ते आठवायचा प्रयत्न करतोय. वारा होता. मागे एक बाई उभी होती, कुत्रं घेऊन. गाडीचा नंबर काय, असं विचारल्यावर हात आपोआप चालला. अठरा वर्षं तोच नंबर लिहितोय, पंपावर, पीयूसीला, इन्शुरन्सला. त्यात काय एवढं? कोणाचंही होईल.
कोणाचंही होतं का?

८ ऑक्टो.
आज राग आला, बरं वाटलं.

प्रश्न असा की हे कसलं मशीन? डंडीच्या नदीकाठी एमएच बारा दाबलं आणि त्याने ‘धन्यवाद’ म्हणून पैसे घेतले. आपल्याकडचा पे अँड पार्कवालासुद्धा मान वर करून बघतो गाडी कोणती ते. ह्यांनी माझ्या स्कूटरचे पार्किंगचे पैसे घेतले. स्कूटर तेव्हा कुठे होती? वारज्यात, सोसायटीच्या शेडमध्ये, निळ्या प्लास्टिकच्या कव्हराखाली. तीन महिने हलली नाही, वॉचमन साक्षीला आहे. म्हणजे जी सेवा दिलीच नाही तिचे साडेतीन पौंड कं.कडे आहेत. एक तर ते के.च्या गाडीचे धरा, नाहीतर मला परत करा. दोन्ही नाही, हे कोणत्या कायद्यात बसतं?

सान्यांना विचारलं, अर्थात ‘समजा एखाद्याने’ असं म्हणून. ते पोट धरून हसले. मग म्हणाले मुद्दा उत्तम आहे, त्या एखाद्याला सांगा पाठवायला.

१० ऑक्टो.
वही टेबलावर राहिली होती. सौ. माझ्या वहीला हात लावत नाही, पण पावतीचं टोक बाहेर आलं होतं. मी आंघोळ करून आलो तर ती पावती हातात घेऊन खिडकीपाशी उभी. मला बघून परत होती तशी ठेवली.

मी मशीनबद्दल बोलायला लागलो. सगळं ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, “चुकलं म्हणा. एवढंच तर आहे.”

एवढंच! लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, ‘चुकलं’ हा शब्द कितीदा म्हणालोय ते तिला माहीत आहे. चहा न पिता उठलो. चहा मग तिने परत गरम करून दिला.

१२ ऑक्टो.
पंचांना पत्र लिहिलं. दोन तास. चौथा खर्डा पक्का. तेरा ओळी, सात मुद्दे. तिसऱ्या मुद्द्यात लिहिलं: माझ्याकडून दुसऱ्या वाहनाचा नंबर दाबला गेला. ‘दाबला गेला’ खोडून ‘मी दाबला’ केलं. असल्या वाक्यात कर्ता लपवणारे लेखक मी आयुष्यभर पकडले.
आधीच्या पत्रात ‘योग्य नंबर’ लिहिलं होतं, तेही चूक म्हणून नोंदवलं.
पाचवा मुद्दा स्कूटरचा. परताव्याची मागणी ठेवली आहे.

संध्याकाळी के.ला पावतीचा आणि पत्राचा फोटो पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. वीस मिनिटांनी: बाबा हा तर स्कूटरचा नंबर आहे.
मला वाचता येतं, असं लिहिलं. मग पुसलं. ‘हो’ लिहिलं.

फोन आला. आधी हसत होती. मी पण हसलो. मग तिचं हसू थांबलं आणि नाक ओढल्याचा आवाज आला. म्हणाली, बाबा, मला वाटलं तुम्ही काढलंच नव्हतं आणि तुम्हाला काढल्यासारखं वाटतंय. मला त्याची भीती वाटत होती, पैशांची नाही.

नाणी मोजून टाकली होती, म्हणालो.

मग म्हणाली, डॉक्टरकडे जाल ना? म्हटलं एका अटीवर. पत्र जसंच्या तसं जाईल, एक शब्द न बदलता, पाचव्या मुद्द्यासकट. ती म्हणाली पाचवा काढूया ना, बाबा, हसतील ते. म्हटलं हसू देत, साडेतीन पौंड ठेवून हसतायत. शेवटी कबूल झाली.

१४ ऑक्टो.
पत्र गेलं. पंचांकडून पोच आली. निकालाला सहा ते आठ आठवडे. पोच देणाऱ्याचं इंग्रजी मात्र शुद्ध आहे. आशा वाटते.

२१ ऑक्टो.
डॉक्टरकडे जाऊन आलो. कर्वेनगर. सौ. स्कूटरवर मागे. गेटवर वॉचमनने रजिस्टर पुढे केलं: नाव, कुठे जायचं, गाडी नंबर. भरलं.

डॉक्टर बाई तरुण, बोलणं नीट. आज तारीख काय, वार काय. शंभरातून सात वजा करत जा. थांबा म्हणेपर्यंत दोनवर पोचलो होतो. घड्याळ काढा, अकरा दहा दाखवा. काढलं, सेकंद काट्यासकट. सुरुवातीला तीन शब्द सांगितले होते, नंतर विचारले. तिन्ही सांगितले, वर त्यांच्या छापील फॉर्मवर वेलांटी चुकलीय तेही सांगितलं. त्या हसल्या. वयाच्या मानाने छान आहे, सहा महिन्यांनी परत या. खाली येताना सौ.चा चेहरा किती हलका झाला होता. लिफ्टमध्ये म्हणाली, येताना आंबा बर्फी घेऊ.

गेटवर वॉचमन आडवा आला. मागच्या महिन्यात दोन गाड्या चोरीला गेल्या म्हणून बाहेर पडताना नंबर ताडून बघतात म्हणे. नागपूरकडचा होता, बोलायला मऊ. “काका, या नंबरची गाडी तर आत आलीच नाही न.”

माझं डोकंच फिरलं. इथेही तेच? म्हटलं अहो, मी माझ्या हाताने लिहिलंय, आणा ते रजिस्टर. चार लोक बघायला लागले. त्याने रजिस्टर आणून माझ्यापुढे धरलं, माझ्या नावावर बोट ठेवलं.

अक्षर माझंच. नाव, मजला, सगळं रेखीव. गाडी नंबरच्या रकान्यात के.च्या गाडीचा नंबर. डंडीचा. पहिल्या एसपासून शेवटपर्यंत, एकही अक्षर चुकलेलं नाही.

दीड महिना त्या पत्रांत हाच नंबर लिहितोय. हाताला सवय. तेव्हाही हाताला सवयच होती.

खिशातून लाल पेन काढलं, खोडलं, वर स्कूटरचा लिहिला, शेजारी सही केली. वॉचमन म्हणाला, जा काका, होते असं. मी त्याला धन्यवाद म्हणालो.

बर्फी घेतली. के.ला रिपोर्टचा फोटो पाठवला. तिचं लगेच लाल बदाम आलं, मग निखिलचंही. पंचांचं अजून काही नाही. रजिस्टरचं मी कोणाला सांगितलेलं नाही. सौ. मागेच बसली होती, तिच्या उंचीवरून दिसतं की नाही कोण जाणे. तिने विचारलं नाही.