गडग्याजवळचं टेबल

२ नोव्हेंबर, रविवार
दिवाळीची गर्दी ओसरली म्हणेपर्यंत आज पुन्हा खाणावळीची सगळी टेबलं भरली. वाऱ्याने डोक्यावरची हिरवी जाळी एका कोपऱ्यात फाडली, दुपारभर फडफडत होती. लोक एका हाताने पापड धरून जेवतात आणि म्हणतात, काय छान वाटतं हो उघड्यावर. वाटत असेल. मला जाळी दिसते.

अब्बांना सोबत आणायला लागले. घरी भिंतीकडे तोंड करून बसून राहतात. काचबिंदूने डावा डोळा गेलाच, उजव्यात नुसत्या सावल्या. इथे सुरूच्या झाडाखाली खुर्ची दिली, पुढ्यात लसूण. आवाज तरी येतो माणसांचा.

रफिकचा (नवरा) कुवेतहून फोन. म्हणे अब्बांना वाऱ्यात कशाला बसवतेस. म्हटलं, जन्मभर होडीवर तांडेल होते, सुकाणू त्यांच्याच हातात, वारा त्यांना काय करणार.

९ नोव्हें., रवि.
सांगलीचं एक कुटुंब अब्बांशी गप्पा मारत बसलं. बांगडा कधी किनाऱ्याला येतो, आभाळ कसं ओळखायचं, सगळं सांगत होते. अम्मा गेल्यापासून एवढे बोललेले मी ऐकले नाहीत. मग त्यातल्या बाईंनी विचारलं, मुलं किती तुम्हाला?

अब्बा म्हणाले, "एक मुलगी."

मी ताट घेऊन मागेच उभी होते.

१६ नोव्हें., रवि.
अल्ताफ आला होता.

भांडी अजून पडलीत. तरी लिहून ठेवते.

गर्दी होती. कामाला असलेल्या सुलभाने ऑर्डर आणून दिली, दोन सुरमई थाळ्या, लहान मुलीला डाळभात, गडग्याजवळचं टेबल. ते टेबल कोपऱ्यात, चिऱ्याच्या गडग्याला, त्या बुटक्या भिंतीला लागून, तिथून खालचा समुद्र दिसतो म्हणून सगळ्यांना तेच हवं असतं. मी तव्यावर. बाहेर एक मुलगी अब्बांशी बोलत होती, तो आवाज ऐकू येत होता. तुम्हाला दिसत नाही का, लसूण कशी कळते मग. अब्बा म्हणाले, वासानं. ती हसली. त्यांनी नाव विचारलं. इनाया. कुठली गो तू? मीरा रोड.

मग पुरुषाचा आवाज. "इनाया, चल."

दोनच शब्द. माझ्या हातातली उलथणी तव्यातच राहिली. पडदा सारून पाहिलं. केस पांढरे व्हायला लागलेत, अंगाने भरलाय. उभा होता. अब्बांकडे बघत होता. आत्ताच त्याला कळलं होतं की हे कोण. मी आहे हे त्याला माहीत नसणार. पाटीवर नुसतं ‘घरगुती जेवण’ आणि फोन नंबर लिहिलाय, आणि आम्ही गाव सोडून इकडे आलो ते तो गेल्यानंतर.

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. किती वेळ ते सांगता येणार नाही. त्याची बायको विचारत होती, काय झालं. त्याने मुलीचा हात धरला आणि गडग्याच्या कडेने रस्त्यावर गेला. ताटं तशीच. सुरमईला कोणी बोट लावलेलं नाही. सुलभा म्हणाली, काय चुकलं गं भाभी? तिखट होतं काय?

अब्बा लसूण सोलत होते.

१७ नोव्हें., सोम.
आज बंद. अब्बा घरी झोपलेत. हे मी कुठे लिहिलेलं नाही, बोललेही नाही कोणाशी.

आम्ही तेव्हा जयगडकडे राहायचो, खाडीवर. अब्बांची होडी होती. हंगाम नुकताच उघडलेला. त्या दिवशी अब्बांना ताप होता, म्हणून अल्ताफ आणि तन्वीरला, माझ्या दोन्ही भावांना, धाडलं. तन्वीर सगळ्यात धाकटा, अजून मिशी फुटायची होती. अल्ताफ दारात येऊन म्हणाला, अब्बा, वारा फिरलाय, आज नको. अब्बा म्हणाले, बाकीचे गेले ते काय आंधळे हायत? जा.

खाडीच्या तोंडाशी होडी उलटली. अल्ताफ पोहत आला. तन्वीर नंतर सापडला.

कबरस्तानातून माणसं परतली तेव्हा मी ओसरीवर होते. अब्बा सगळ्यांसमोर अल्ताफला म्हणाले, "तो आला नाय, मग तू कशाला आलास?"

चाळिसावा झाला आणि अल्ताफ मुंबईला गेला. पुन्हा आला नाही. अम्माच्या वेळी निरोप धाडला होता. पोचला की नाही, कळलं नाही. अब्बांनी होडी विकली. त्यानंतर घरात दोन्ही नावं कोणी घेतली नाहीत. मीपण नाही.

दारात तो काय म्हणाला होता हे अम्माने ऐकलं होतं, मी ऐकलं होतं. अब्बांनीही.

२० नोव्हें., गुरु.
दुपारी अनोळखी नंबर. उचलला तर नुसता श्वास. मीच म्हटलं, अल्ताफ?

नंबर पाटीवरचाच, मुलीने फोटो काढला होता म्हणे त्या दिवशी. पुळ्याला दोन दिवस राहिले होते, हिनाला (बायको) समुद्र बघायचा होता. परतताना खालच्या रस्त्याने निघाले, भूक लागली, बाहेर टेबलं दिसली म्हणून थांबले. म्हणाला, आत बसायचं असतं तर थांबलो नसतो. घरात शिरल्यासारखं वाटलं असतं.

अब्बांच्या डोळ्यांचं विचारलं. सांगितलं.

म्हटलं, ये ना रे. म्हणाला, "त्यांनी बोलावलं तर."

२७ नोव्हें., गुरु.
मार्गशीर्षातला गुरुवार. मासे कोणी मागत नाही. सुलभाचाच दिवस, वरणभात, अळूची भाजी, बटाटा. माझ्या हाताला काम नाही.

अब्बांशी विषय काढायचा ठरवून गेले होते. समोर बसले. हवा थंड झालीय, असं तेच म्हणाले. हो म्हटलं. उठून आले.

रफिकला फोनवर सगळं सांगितलं. म्हणाला, बापलेकांच्या मधे पडू नको, दोन्हीकडून जाशील. तो लांब आहे, त्याला सोपं. पण खोटं नाही बोलत तो.

सुलभाला सांगावं लागलं, ती विचारतच होती. तिने ऐकून घेतलं. त्यांच्या घरी भावाभावांत बोलणं बंद आहे, बांधावरून. म्हणाली, मरणावरून अबोला म्हणजे भाभी, तो सोडणार कोण पहिला?

७ डिसें., रवि.
अब्बांनी खुर्ची हलवून घेतली. सुरूखालून गडग्याजवळ. मला वाटलं ऊन टाळायला. पण तिथे ऊन जास्त.

आज टेबलावर लहान मूल आलं की विचारतात, कुठलं बाळ तुम्ही? पुणे. कराड. कोल्हापूर. बरं म्हणतात आणि पुन्हा लसूण. एका आईने मुलाला जवळ ओढून घेतलं. मला बरं वाटलं नाही.

१० डिसें., बुध.
दुपारी साडेतीनला सगळं आवरलं. सुलभा भांड्यांना. मी अब्बांना चहा दिला आणि तिथेच बसले. समुद्र पांढरा दिसत होता. मग अब्बा आपणहून बोलले. मी काही काढलं नव्हतं.

"त्या दिवशी तो जेवला काय गो?"

कोण, असं मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"चल म्हटलंन पोरीला, तेव्हाच वळखलं मी."

मग तुम्ही बोलला का नाहीत, अब्बा? ते चहा दोन्ही हातांत धरून बसले. मी सांगितलं, नाही जेवला, ताट तसंच टाकून गेला.

"उपाशी गेला," म्हणाले.

खालून लाटा. सुलभाचा नळ. नंतर ते बोलले ते जसंच्या तसं लिहिते. "वारा फिरलाय म्हणून त्यानं सांगितलं होतं. मी धाडलं. दुसऱ्याच्या होड्या गेल्या म्हणून मी धाडलं. मग कोणाला तरी बोलायला लागतं ना माणसाला. तो समोर होता."

मी त्यांचा हात धरला नाही. धरायला हवा होता असं आता वाटतं, तेव्हा सुचलं नाही. एवढी वर्षं मला त्यांचा राग होता हे मला आजच कळलं. तो कुठे गेलेलाही नाही. पण समोर बसलेल्या माणसाला दिसेनासं झालंय, त्याच्या मिशीला चहा लागलाय.

फोन लावू? विचारलं. मानेने नाही म्हणाले.

१४ डिसें., रवि.
गर्दी. काही लिहिण्यासारखं नाही. जाळी बदलली एकदाची.

१७ डिसें., बुध.
सकाळी सकाळी अब्बा तयार होऊन बसले होते. म्हणाले, लाव.

टेबलं अजून पुसायची होती, दव पडलेलं. त्यांच्या हातात फोन दिला, स्पीकरवर टाकून, कारण ते तो कानाला उलटा धरतात. अल्ताफने हॅलो म्हटलं. अब्बा गप्प. तो पुन्हा हॅलो म्हणाला, मग त्यालाही कळलं असणार, तोही गप्प. मला वाटलं आता कोणी तरी ठेवून देईल.

अब्बा म्हणाले, "पोरीला पवायला येतं काय रे?"

अल्ताफ म्हणाला, "नाही. पाण्यात उतरू देत नाही मी तिला."

"शिकव."

एवढंच. फोन माझ्याकडे केला आणि काठी शोधायला लागले. मी फोन घेऊन स्वयंपाकघरामागे गेले. अल्ताफ रडत होता. मी त्याला कधी रडताना ऐकलं नव्हतं, तन्वीरच्या वेळीपण नाही. म्हणाला, हे बोलावणं आहे का गं नसीम? मी म्हटलं, अब्बांना याहून जास्त येत नाही.

बघतो म्हणाला.

२५ डिसें., गुरु.
सुट्टीची गर्दी, रस्त्याकडेला गाड्या. पाय सुजलेत. अल्ताफचा फोन नाही. मीपण केला नाही.

अब्बा जेवताना म्हणाले, त्याने माफ करावं असं मी बोललो नाय. मी म्हटलं, नाही बोललात. "बोलायला पायजे होतं?" मला माहीत नाही, म्हटलं. खरंच माहीत नाही.

मी त्याच्या जागी असते तर आले असते का? हिनाचं काय, तिला तर आत्ताच सगळं कळलं म्हणे. नवरा इतकी वर्षं अनाथ आहे असं धरून चालली होती ती.

१ जाने., गुरु.
हिनाचा फोन. पहिल्यांदाच बोललो. बोलणं सरळ आहे तिचं. म्हणाली, रविवारी निघतोय, शाळा सुरू व्हायच्या आत. पण आपा, ते वाटेत काय करतील मी सांगू शकत नाही. रात्री उठून बसतात. तुमच्या अब्बांना आशा लावू नका.

तरी मी सांगितलं. दोन्हीकडून जाईन तर जाईन. अब्बा बरं म्हणाले. मग न्हाव्याला बोलाव म्हणाले.

४ जाने., रवि.
परवा अंगारकी, पुळ्याच्या गणपतीला आतापासूनच माणसं. सकाळपासून टेबलं रिकामी राहत नाहीत. अब्बा पांढरा सदरा घालून गडग्याजवळ बसलेत. ते टेबल मी अडवून ठेवलं होतं, वर पाण्याचा जग ठेवून. साडेअकराला बेळगावचं एक म्हातारं जोडपं आलं, उभंच राहिलं. अब्बा म्हणाले, दे त्यांना, उभी कशाला राहतात माणसं. दिलं.

बाराला हिनाचा मेसेज, चिपळूण सोडलं.

त्यानंतर काहीच नाही. दोनला मीच लावला. अल्ताफने उचलला. पालीला उभा आहे म्हणाला. पालीला? हातखंब्याला वळायचं ते सरळ पुढे गेला. वळण चुकलं म्हणाला. या भागात जन्मलेला माणूस हातखंब्याला चुकतो? मी काही म्हटलं नाही. मागून इनायाचा आवाज येत होता, तिला भूक लागलीय. हिना तिला बिस्किटं देत होती. अल्ताफ म्हणाला, इथून कोल्हापूरचा रस्ता फुटतो, नसीम. गाडी त्याच तोंडाला उभी आहे. पाय हलत नाही माझा.

ये म्हणायचं होतं. पण म्हटलं, "सकाळचा भात संपलाय, मी आता नवा लावतेय." त्याने ऐकलं. मग लाइनच गेली.

आत आले. सुलभा माझ्याकडे बघत राहिली, तिचं गावच ते पाली, बाजारात कुठे उभा असेल ते तिला डोळ्यासमोर दिसत असणार. मी तांदूळ मोजायला घेतले. बाहेरून अब्बांनी विचारलं, कोणाचा फोन होता. सांगितलं. पालीला आहे. पुढे येईल की नाही, माहीत नाही.

त्यांनी काठी गडग्याला टेकवली. मी तांदूळ धुवायला वळले तेव्हा म्हणाले, "जास्त टाक."

टाकलेत. भात शिजतोय तोवर हे लिहिलं.