पट्टी ओढायची नाही

११ फेब्रुवारी

पट्टी पुन्हा चिकटली! आई आणि मी कोमट मिठाच्या पाण्यानं भिजवत बसलो. ओढायची नाही, आपणहून सुटेपर्यंत थांबायचं — हा आईचा नियम, माझ्या जन्मापासूनचा. माझी कातडीच तशी. जरा घासलं की फोड, फोड फुटला की जखम. हातापायांचं माझं मी बघते. पाठ आईकडे. जखमेवर मीठ चोळणं म्हणजे लोकांना दुष्टपणा वाटतो. आमच्याकडे रोज संध्याकाळी ते प्रेमानं चालतं. मी आईला शिव्या घालते, ती मला "गप गं म्हशी" म्हणते. अडतीस वर्षं हेच!

१४ फेब्रुवारी

बस डेपोतल्या चौकशीच्या खिडकीत दिवसभर लोकांची नजर माझ्या हातांवर. एकानं विचारलं, "भाजलं का हो?" म्हटलं, "नाही, पण तुम्ही असेच बघत राहिलात तर भाजेल." बिचारा गाडीची वेळ न विचारताच गेला.

१९ फेब्रुवारी

आज आईनं पट्टीचं टोक समजून माझी कातडी ओढली. चांगलं बोटभर सालपट निघालं. ब्रह्मांड आठवलं! शिवी ओठांवर आली होती, तेवढ्यात आरशात ती दिसली — हातात काय आलंय ते नाकाशी नेऊन बघत होती. चष्मा डोळ्यांवरच होता.

"दुखलं का गं?"

"नाही."

२० फेब्रुवारी

पाठ कशालाच टेकवत नाही. झोप नाही.

२४ फेब्रुवारी

आज फोडातलं पाणी काढताना आईची सुई भलतीकडेच टोचली. पुन्हा गप्प बसले.

सकाळी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी पाठ बघून विचारलं होतं, "हे कुणी केलं?"

"माझं मीच."

"पाठीवर?"

मग म्हणाल्या, "इकडे येत जा, मी करून देईन." त्यांना हो म्हणायचं, तर आईला काय सांगू? बाबा गेल्यापासून तिचा सगळा दिवस माझ्या पाठीभोवती फिरतो. तेही काढून घेतलं तर ती करेल काय? आपलेच दात, आपलेच ओठ.

२६ फेब्रुवारी

वहिनीच्या मनगटाला पट्टी. म्हणे इस्त्रीचा चटका बसला. आमच्या घरात मलमपट्टीची साथ आलीय, एक दादाच काय तो धड! तो म्हणाला, "माझं काय, मला तुम्ही तिघी बोलून सोलता."

१ मार्च

ताप. पाठीवरची एक जखम चिघळलीय. जुन्या जखमांचं काही नाही, त्या ओळखीच्या झाल्यात. पण या नव्या, जिथे काहीच नव्हतं तिथल्या, आईच्या हातच्या! तोंड दाबून बुक्क्यांचा मार. फार फार दमलेय. उद्या सांगतेच तिला.

२ मार्च

नाही सांगितलं. पट्टी बांधून झाल्यावर तिनं फुंकर घातली, लहानपणी घालायची तशी. कसलं सांगतेय!

४ मार्च

संध्याकाळी पाठीला हात लागला तो वहिनीचा. दचकलेच. आई बाजूला स्टुलावर बसली होती, हात मांडीवर ठेवून.

"आता हीच करेल," आई म्हणाली. वहिनीनं आपल्या मनगटाची पट्टी सोडून दाखवली. खाली चटका नाही, काही नाही! तू कामावर गेलीस की आई माझ्या हातावर शिकवतात, म्हणाली. भिजवायची कशी, बांधायची कशी, सगळं.

मला रडूच आलं. आईला विचारलं, "तुला नीट दिसत नाही, हे तुला कळलं कधी?"

"ते कधीचंच कळलं होतं गं. तुला दुखतंय हे कळलं नव्हतं. तू शिव्या द्यायची थांबलीस, तेव्हा कळलं."

तेवढ्यात वहिनीनं पट्टी जराशी ओढली. मी सणसणीत शिवी हासडली. आईलाच.