गुणसीलनच्या आवाजाची वाटणी

मी, यमुना गुणसीलन, माहेरची टेंबे, वय एकाहत्तर, राहणार स्टॅनमोर, लंडन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दडपणाशिवाय आणि भरपूर रागात लिहीत आहे. राग म्हणजे वेड नव्हे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. व्यवस्थापक म्हणून माझी मैत्रीण नीना हिला नेमते.

१. राहतं घर मुलगी दिया हिला. विकावं की ठेवावं, तिची मर्जी.

२. मिक्सर, मायक्रोफोन आणि सोल्डरिंगचं सामान ब्रिस्टलला शिकणारी माझी भाची ऋजुता हिला. माझे पती, दिवंगत गुणसीलन, कोलंबोत रेडिओवर तमिळ बातम्या देत. त्र्याऐंशीच्या तमिळविरोधी दंगलीत घर जळल्यावर ते लंडनला आले. आमचं लग्न इथलंच. पुढे कनगसबै या मित्राबरोबर त्यांनी हॅरोमध्ये छोटं तमिळ रेडिओ केंद्र काढलं. आवाज त्यांचा, यंत्रं माझी.

श्रीलंकेतल्या युद्धाच्या अखेरीस उत्तरेकडचे फोन बंद पडले. माणसं कुठे गेली, कळेना. मग नातेवाईक केंद्रात फोन करून हरवलेल्यांची नावं सांगू लागले. आम्ही ते फोन टेप करायचो आणि संध्याकाळी गुणसीलन वाचायचे: नाव, गाव, शेवटचं कुठे दिसलं. तेही त्याच टेपवर. युद्ध संपलं, तरी नावं संपली नाहीत. मला तमिळ आलं ते त्या नावांमधून.

३. कनगसबै यांना काहीही नाही. त्यांनी केंद्र कोलंबोच्या एका फोन कंपनीला विकलं. कंपनी म्हणाली, नावं वाचली तर तिकडे लायसन्सला अडचण येते. गुणसीलन वाचत राहिले. एका संध्याकाळी नाव अर्धं तोंडात असताना कनगसबैंनी मला बाजूला सारून माइक बंद केला आणि रिचार्जची जाहिरात लावली. काचेपलीकडे गुणसीलन वाचतच होते. त्यांना कळलंच नाही. मग घरी फोन सुरू झाले: "शेवटचं नाव कुणाचं होतं? आमच्या मुलाचं का?" गुणसीलन त्यानंतर माइकसमोर बसले नाहीत. ते गेले तेव्हा कनगसबै हार घेऊन आले होते. तो मी कचऱ्यात टाकला. माझ्या वेळी त्यांनी येऊ नये.

४. गुणसीलन यांनी सगळ्या टेप माझ्या नावे केल्या होत्या. माझा मुलगा वरद ब्रॅकनेलला टेलिकॉममध्ये आहे. तीच फोन कंपनी त्याची क्लायंट. गेल्या दिवाळीत जेवता जेवता तो त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला, "आई, टेप्स मी कंपनीला देतोय. बाबाची आवाज कॉलर ट्यून होणार. सगळा श्रीलंकामध्ये ऐकू येईल."

"आणि नावं?"

"ते एडिट करतील ना. लोकांना सॅड स्टफ नको असतो."

"सही कुणी केली?"

"मी. फॅमिलीच्या वतीने."

मी ताटावरून उठले. ज्यांनी त्यांना गप्प केलं, त्यांनाच त्यांचं 'वणक्कम', रेडिओवरचा त्यांचा तमिळ नमस्कार, विकायला माझा मुलगा निघाला होता.

५. म्हणून आता टेपांविषयी. त्यासाठी कुणी कपाटं उचकू नयेत. मार्चमध्ये मी त्या स्वतः जाफन्याला नेल्या आणि योगमलर हिला रीतसर बक्षीस दिल्या. ती तिथे तमिळ साप्ताहिक चालवते. तिच्या भावाचं नाव गुणसीलन कितीदा तरी वाचत. पहिलीच टेप लावली आणि तिने माझा हात घट्ट धरला. "अक्का, ही माझी आई बोलतेय." आई केव्हाच वारली होती. मुलाची वाट बघत.

६. बँकेतली शिल्लक वरदला, एका अटीवर. त्याने योगमलरच्या कचेरीत बसून एक टेप पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावी. एकही नाव न गाळता. ऐकली की नाही, हे योगमलर सांगेल. त्याची सही चालणार नाही.

हे सर्व मी वाचून, समजून, खालील दोघांच्या समोर सही केली. दोघांनाही यातून काही मिळणार नाही.

यमुना गुणसीलन

साक्षीदार: श्रीनिवास आगटे, हॅरो
साक्षीदार: रेखा मोहिले, स्टॅनमोर

स्टॅनमोर, ९ सप्टेंबर २०२५