चकतीची वरची बाजू

१७ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ७.
चिरंजीवांनी काल आपल्या बहिणीस फोनवर सांगितले, "बाबा आठवडाभर सीड्या मांडून बसलेत." यात दोन चुका आहेत. आठवडा नव्हे, तीन दिवस. शिवाय त्या सर्वच सीड्या नव्हेत: अकरा सीडी, सहा डीव्हीडी, एक ब्लू-रे. सर्वांना सीडी म्हणणे म्हणजे सासू, नणंद आणि जाऊ यांना एकाच नात्यात बसवणे.
रविवारी कन्या तान्हीला घेऊन येत आहे. तान्हीला दिवंगत आजीच्या आवाजातील अंगाई ऐकवायची आहे. ती एकाच सीडीवर आहे; दुसरी प्रत नाही. संकल्प: रविवारपूर्वी या विषयात पारंगत होणे.

१८, बुधवार.
कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. 'आर' प्रकारच्या सीडीवर एकदाच लिहिता येते. 'आरडब्ल्यू' पुसून पुन्हा लिहिता येते. अंगाई 'आर'वर आहे. म्हणजे अक्षय! तो आणखी काही सांगू पाहत होता. परंतु मला पूर्ण आकलन झाले होते. निघालो.

१९, गुरुवार.
पत्नी गेल्यापासून अंगाई ऐकलेली नाही. कारण केवळ तांत्रिक: वारंवार लावल्यास चकती झिजू शकते.
खालची चकचकीत बाजू चष्म्याच्या फडक्याने पुसली. तिला कोणीही बोट लावू नये, अशी सूचना घरात दिली. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, तिला हात लावणारे घरात तुम्ही एकटेच."

२०, शुक्रवार. सायं. ६.
गंभीर त्रुटी आढळली. चकतीच्या वरच्या बाजूस पत्नीने मार्करने '१४ मार्च' लिहिले आहे. ध्वनिमुद्रण १५ मार्चला झाले. मला पक्के स्मरते. नातीला वारशात चुकीची तारीख देणे नाही. ब्लेडने खरवडली. सूनबाई म्हणाल्या, "राहू द्या ना बाबा, आईंचं अक्षर आहे." अक्षर वळणदार होते, हे मान्य.
शाईबरोबर चंदेरी रंगाचे पापुद्रेही निघाले. रंगकाम निकृष्ट. आता चकतीतून समोरची खिडकी आरपार दिसते. इतकी स्वच्छ ती कधीच नव्हती.

२१, शनिवार.
घरचे सीडी लावायचे यंत्र चकती वाचत नाही. यंत्र जुने आहे. चिरंजीवांचा लॅपटॉपही वाचत नाही. नव्या वस्तूंचा काय भरवसा!
बुधवारच्याच दुरुस्तीवाल्याने चकती उजेडात धरली. मग म्हणाला, "आजोबा, सीडीत सगळं वरच्याच बाजूला असतं, त्या चंदेरी थरात. खाली नुसतं जाड प्लास्टिक. डीव्हीडी असती तर थर मधोमध असता, वाचली असती." उपाय विचारला. "पापुद्रे जुळवणार कसे, आजोबा?"
घरी येऊन केराची बादली पाहिली. कचरागाडी सकाळीच येऊन गेली होती.

२२, रविवार.
कन्या रागावली नाही. रागावली असती, तर उत्तर देता आले असते. "बाबा, तुम्हीच म्हणा ना," एवढेच म्हणाली. शब्द मला मुखोद्गत आहेत, ऱ्हस्व-दीर्घासह. चाल आठवेना. तान्ही माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.
चिरंजीव येणाऱ्याजाणाऱ्यास वाटेल ते दिवस सांगत आहेत. म्हणून जुन्या रोजनिश्या काढल्या. शुद्ध तारखा अशा:
खरवडणे: शनिवार नव्हे, शुक्रवार.
ध्वनिमुद्रण: १५ मार्च नव्हे. १४ मार्च. नोंद माझ्याच अक्षरात आहे.
पत्नी गेली: चार वर्षांपूर्वी, ९ ऑगस्ट.
तिचा आवाज गेला: २० नोव्हेंबर, सायंकाळी पाच ते पाच वीस.