खळ वाळेपर्यंत

दि. ४ फेब्रुवारी

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

तुझी लेक मुंगी इथे मजेत आहे. दूध पिताना तोंड वाकडं करते, पण माझ्या पुस्तकबांधणीच्या दुकानात आली की तिची कळी खुलते. खिडकीतल्या तिरिपेत कागदाची धूळ तरंगते, ती बघत बसते. मग मीही हातातली सुई तशीच धरून बघत राहतो.

तिला माझ्याकडे सोडून जाताना तू घातलेली अट पाळतो आहे. देवाधर्माचं काही शिकवायचं नाही, मोठी झाली की तिचं ती ठरवेल. कबूल. पण दुकान बंद करण्याआधी डोळे मिटून हात जोडायची माझी चाळीस वर्षांची सवय कुठे लपवू? काय करता, म्हणून तिने विचारलंच. मी गडबडलो आणि शिकंज्यात दाबून ठेवलेल्या पुस्तकांची खळ वाळावी म्हणून बसतो, असं ठोकून दिलं. आता तीही शेजारी मांडी घालून, डोळे गच्च मिटून बसते.

जावईबापूंना आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझे बाबा

दि. ११ फेब्रुवारी

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग रागावले. अट पाळलीत म्हणता आणि पोरीला थाप मारलीत! इथे मी दिवसभर चष्म्याच्या काचा घासते. काच स्वतः डोळ्यांसमोर धरून पाहिल्याशिवाय ती बरोबर आहे असं कुणी म्हणत नाही.

एक कधी बोलले नव्हते. लहानपणी तुमच्याजवळ डोळे मिटून बसायचे तेव्हा मला काहीच जाणवायचं नाही. माझ्यातच काही खोट आहे असं वाटून मी रडायचे. ते मुंगीच्या वाट्याला नको, एवढंच. माझ्यावर रुसू नका.

तुमची ताई

दि. १९ फेब्रुवारी

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

काल अंगात कणकण होती म्हणून दुपारी पडलो. उठून बघतो तर मुंगी दुकानात एकटीच, डोळे मिटलेले, गाल ओले. तिला नीट डोळे मिटता येत नाहीत, म्हणून खळ वाळत नाही आणि आजोबांची सगळी पुस्तकं सुटणार, असं ती हुंदके देत म्हणाली. तू जे टाळत होतीस, नेमकं तेच मी तिला दिलं.

मग तिला मांडीवर घेऊन सगळं खरं सांगितलं. आजोबा देव मानतात, आई मानत नाही. ती बराच वेळ माझ्या बोटांवरची वाळलेली खळ खरवडत राहिली. मग आजी काय मानायची, असं तिने विचारलं.

ताई, तुझी आई रोज माझ्या शेजारी बसायची. आजारपणातसुद्धा खुर्ची ओढून बसायची. मी तिला कधी विचारलंच नाही. तुझ्याशी काही बोलली होती का? असेल तसं लिही. म्हाताऱ्यावर लोभ राहू दे.

तुझे बाबा

दि. २५ फेब्रुवारी

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

बोलली होती. मी दहा वर्षांची असेन, आम्ही दोघी चादरीची घडी घालत होतो. मी रडत रडत तिला माझी खोट सांगितली. तेव्हा ती म्हणाली, की तिलाही काही जाणवत नाही. तुम्ही डोळे मिटलेत की ती उघड्या डोळ्यांनी तुमच्याकडे बघत बसायची. दिवसभरात तेवढाच वेळ तुमचा चेहरा निवांत असतो, म्हणाली. तुम्हाला सांगायचं नाही असं ठरलं होतं.

त्या दिवसापासून मीही डोळे मिटणं सोडलं. माझं मी ठरवलं, असं आजवर समजत होते. काल तुमचं पत्र वाचताना कळलं, की तेही मला आईनेच दिलं.

शुक्रवारी मुंगीला न्यायला येते. संध्याकाळी दुकानात तुमच्या शेजारी बसेन. डोळे उघडे ठेवून.

तुमची ताई