डोंगरात सायकल नेताना लागणारं साहित्य

मेहरूण, जळगाव
फेब्रुवारी १९९४

तीर्थरूप नाना यांस,

शालिग्रामचा साष्टांग दंडवत. इकडे सर्व कुशल आहे. त्यातून माझा उजवा गुडघा, डावं कोपर आणि बसायची जागा एवढं वगळून वाचावं. तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? द्रौपदा वहिनींनी दाढ काढून घेतली, की अजून लवंगेवरच भागवताहेत? धुळ्याला यायचं म्हणतो आणि राहून जातं, राग नसावा.

तुमचं पत्र पोचलं. तुमच्याकडे जाड टायरची, गिअरची सायकल विकायला आली आहे, ती घेऊन लळिंगच्या किल्ल्याच्या वाटेला लागावं असं तुमच्या मनात आहे, आणि मी तसली सायकल घेतल्याचं कळल्यामुळे नवशिक्याला काय काय साहित्य लागतं ते सविस्तर कळवावं, असं तुम्ही लिहिता. नाना, जन्मात पहिल्यांदा तुम्ही मला सल्ला विचारलात. (पत्र ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. साहेबांनाही दाखवणार होतो, पण ते रजेवर आहेत.) तेव्हा विस्ताराने लिहितो.

मुळात ही सायकल मी हौसेने घेतली नाही. डॉक्टरांना माझ्या रक्तात साखर सापडली आणि त्यांनी रोज चालायला सांगितलं. मेहरूण तलावावर पहाटे गेलो तर अर्धं ऑफिस तिथेच चालत होतं. फायलींबद्दल बोलत बोलत घरी आलो, साखर होती तिथेच राहिली. मग सायकल आणली. टायर असे की ट्रॅक्टरचे धाकटे भाऊ शोभावेत, आणि गिअर इतके की त्यातल्या बऱ्याच जणांशी माझी अजून ओळख झालेली नाही. कॅरिअर नाही, स्टँड नाही, घंटी नाही, मडगार्डही नाही. सुमनने दारातच तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, ‘उरलेली सायकल कधी येणार आहे?’

आता साहित्याचं. वाचनालयात एक इंग्रजी मासिक येतं. त्यात एका गोऱ्या माणसाने बजावून लिहिलं होतं की डोंगरात सायकल नेणाऱ्या नव्या माणसाने शिरस्त्राण, हातमोजे, गुडघ्याचं कवच, गादीची चड्डी, पाणी, पंप आणि शिट्टी यांशिवाय घराबाहेर पाऊल टाकू नये. फोटोत तो हसत होता. मी फुले मार्केटात खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि कॅरमची पावडर काढून दाखवली. तेव्हा साहित्य घरच्या घरी जमवणं आलं.

शिरस्त्राण आमच्या हिशेब विभागातल्या उत्तमचंदकडून आणलं. तो मोटारसायकलवाला, त्यामुळे ते तोंड, हनुवटी सगळं झाकणारं, पुढे काळी काच असलेलं. घातलं की माणसाला स्वतःचा श्वास दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो. हातमोजे शेजारच्या वायरमनचे, जाड रबराचे, कोपरापर्यंत. गुडघ्यांना हायस्कूलच्या क्रिकेटचे पॅड. (पॅडल मारताना त्यांचं वरचं टोक पोटात बसतं. ते चोपड्याच्या स्टँडवर एका पानवाल्याकडे ठेवून पुढे गेलो, म्हणून तुम्हालाही ते सुचवत नाही.) गादीची चड्डी हा मात्र सुमनचा पराक्रम. तिने माझ्या जुन्या पँटीच्या बैठकीत नवा कापूस भरून गोधडीसारखे टाके घातले. खानदेशात राहून कापसात कंजुषी कशाला, असा तिचा विचार. ती पँट घालून मी सीटवर बसलो तेव्हा इतका उंच झालो की पाय पॅडलला पोचेनात. सीट पार खाली केली. हँडलला पाण्याची छागल टांगली, पंप पाठीला बांधला, शिट्टी गळ्यात. गल्लीतल्या कुत्र्यांनीसुद्धा भुंकण्याआधी थोडा विचार केला.

मग रविवारी सायकल एसटीच्या टपावर चढवून चोपड्याला गेलो. तिथून सातपुड्याकडे निघालो. कंडक्टरने मला उतरताना पाहून ‘काका, कुठं फवारणी आहे?’ असं विचारलं, पण मी लक्ष दिलं नाही. वाट तुम्हाला ठाऊक आहे, सुकदेवदादाच्या मळ्यावरून वर जाते तीच. उतार चांगला म्हणून ती निवडली. दुसरा काही हेतू नव्हता. दादाच्या मोठ्या पोराच्या लग्नाच्या पत्रिकेत माझं नाव राहिलं, दादा म्हणाला छापखान्याची चूक, मी म्हणालो सख्ख्या काकाचं नाव छापखाना कसा विसरेल, मी लग्नाला गेलो नाही, दादाने बोलवायला माणूस पाठवला नाही, आणि त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. थोरले भाऊ म्हणून मध्यस्थी करून तुम्हीच दमलात. तेव्हा मळा टाळून, खाली मान घालून वर जायचं आणि तसंच परत यायचं, असं मी ठरवलं होतं.

वर जाताना अडचण अशी झाली नाही, कारण वर मी सायकल चालवली नाही, ढकलली. एका शेळीने बराच वेळ सोबत केली. वर पोचून छागलीतलं पाणी प्यायलो, दम खाल्ला, खालच्या केळीच्या बागा पाहिल्या, आणि मला खरोखर वाटलं की शालिग्राम, तू वाया गेलेला माणूस नाहीस. तसं वाटत असतानाच उतरायला सुरुवात केली.

नाना, त्या रबरी हातमोज्यांतून वीज बोटांपर्यंत पोचत नाही हे कबूल. पण ब्रेकही पोचत नाही. आपण ब्रेक दाबला की नुसतंच हँडल धरलं, हे कळायला मार्ग नाही. वेग वाढला तसं शिरस्त्राण पुढे सरकून काचेच्या जागी अस्तर आलं, म्हणजे मी आंधळा. शिट्टी निघतानाच तोंडात धरली होती, ती आत श्वासाबरोबर आपोआप वाजायला लागली. पुढचं मी पाहिलेलं नाही, फक्त ऐकलं: दगड, शेळ्या, मग बराच वेळ केळीची पानं फाटकन फाटकन अंगावर, आणि शेवटी बागेच्या पाटात धप्पकन मी.

पाटात पाणी चालू होतं. कापूस पाणी पितो हे आपण लहानपणापासून पाहत आलो, पण किती पितो हे मला त्या दिवशी कळलं. उठताच येईना. कुणीतरी काखेत हात घालून ओढलं आणि आवाज आला, ‘कोन शे रे? वीजबोर्डना माणूस दिखस!’ तो दादाचा आवाज होता.

इतक्या वर्षांनी भावासमोर यायचं ते असं, शिट्टी वाजवत, पाटातून? काच काळी, माझा चेहरा त्याला दिसणार नाही, दोन शब्दही न बोलता सायकल उचलून निघावं असा बेत केला. पण पाऊल टाकलं तर पँट मागे खेचायची. मला धरून अंगणात खाटेवर बसवलं. शेजारीपाजारी जमले. रुक्मा वहिनींनी तांब्याभर पाणी आणलं, पण ते प्यायला तोंड बाहेर कुठे होतं? हनुवटीखालचा पट्टा ओला होऊन आवळला होता, माझी बोटं रबरात. वहिनी म्हणाल्या, ‘गरीबले घाबरं व्हयी ऱ्हायनं, काढा ते डोकावरनं.’ दादा समोर उकिडवा बसला. पट्ट्याला गोडंतेल लावलं, चिमट्याने ओढून पाहिलं. ‘हालू नको भाऊ, लागी जाई,’ असं मला समजावत होता. परक्या माणसाशी तो इतकं हळू बोलतो हे मला माहीत नव्हतं. त्याच्या भुवया पार पांढऱ्या झाल्या आहेत नाना. तुम्ही कधी कळवलं नाहीत.

पट्टा सुटला. शिरस्त्राण निघालं. शिट्टी तोंडातून खाली पडली. दादा माझ्याकडे बघत राहिला, त्याच्या हातात ते हंडीएवढं शिरस्त्राण. मग तो म्हणाला, ‘पत्रिकामा नाव नई म्हनीसन इतलं तोंड झाकी लिधं का रे, शालिक?’

मला हसू आलं, की काय आलं, ते सांगता येत नाही. दादालाही तेच झालं असावं, कारण तो उठून उगाच गोठ्याकडे गेला आणि बराच वेळ आला नाही. आल्यावर म्हणाला, जेवून जा. मी दादाचं धोतर नेसून जेवलो. भरीत, कळण्याची भाकरी, वरून तेल. डॉक्टरांचा विषय कुणी काढला नाही. पँट कुंपणावर वाळत होती आणि रस्त्याने जाणारे थांबून तिच्याकडे पाहत होते.

तर साहित्याबद्दल माझं प्रामाणिक मत असं: ब्रेक कळेल असा पातळ हातमोजा, डोळे मोकळे राहतील असं हलकं शिरस्त्राण आणि पिण्याचं पाणी एवढं पुरे. कापूस टाळावा. वहिनींना नमस्कार.

आपला,
शालिग्राम

ता. क. सायकलबद्दल लिहायचं राहिलं. ती दादाने ठेवून घेतली. दुरुस्त करून पाठवतो म्हणाला, पण पाठवलेली नाही. रुक्मा वहिनींच्या निरोपावरून कळलं की तो रोज संध्याकाळी धोतर खोचून, अनवाणी, कोणत्याही साहित्याशिवाय बागेच्या बांधावरून ती फिरवत होता.

ता. क. २. ‘होता’ असं लिहिलं ते चुकून नाही. गेल्या आठवड्यात बांध संपला तरी दादा थांबला नाही. पाय प्लास्टरमध्ये आहे. जळगावला दवाखान्यात आणलं आणि तिथून तो सरळ माझ्याच घरी आला. समोरच्या खोलीत माझ्या पलंगावर आहे. नाना, खरी विनंती ही: येऊन त्याला चार दिवस धुळ्याला न्या. इतकी वर्षं जे बोलला नाही ते तो आता बोलतो आहे, पहाटेपासून, क्रमाने. अजून आमच्या शाळेपर्यंतच आला आहे.

ता. क. ३. पाकीट बंद करण्याआधी त्याला विचारलं, धुळ्याला जातोस का. तो म्हणाला, ‘मी कसाले जाऊ? तुले काम शे का काही?’ आणि भिंतीकडे तोंड करून पडला. तेव्हापासून घरात आवाज नाही. मला चहा गोड लागेना. तरी नाना, वरची विनंती रद्द समजावी. न्यायला येऊ नका. राहायला या.