सुपारीवरचा हशा

५ मार्च, गुरुवार

सुरक्षा सप्ताहाचं नाटुकलं लिहून झालं. शनिवारी कंपनीत करायचंय. विषय साहेबांनीच दिला — रोहिदासचा अपघात! "हसत हसत शिकू देत लोक." मी नाही म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही.

कंपनीची गुरुवारची सुट्टी होती, म्हणून रोहिदासला विचारायला त्याच्या गावी गेलो. पत्रा दाबायच्या पॉवर प्रेसमध्ये त्याची दोन बोटं गेली, पाच महिने झाले. आता गेटवर गाड्यांचे नंबर लिहितो. "कर की राव! मला बी हसू दे." कस्तुरावहिनी आतूनच — "धांदरट माणसाचं नाटकच व्हायचं!" तो ओशाळं हसला. मी चहा अर्धा टाकून उठलो.

६ मार्च

तालीम.

प्रेसची दोन बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबायची असतात, म्हणजे हात आत राहत नाही. टार्गेट गाठायला आम्ही सगळेच एक बटण टेपनं दाबून ठेवतो, मग एकाच हातानं प्रेस चालते. रोहिदास तेव्हा ओरडून सांगत होता, "मी टेप लावलीच नव्हती!" कुणी ऐकलं नाही. रिपोर्टात कामगाराची चूक. घरात बायकोची बोलणी.

टेप नव्हतीच. सुपारी होती! खंडेनवमीला मशीनवर पूजलेली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी टेप सापडेना, म्हणून मीच ती दाबलेल्या बटणाच्या कड्यात कोंबली. तीनला शिफ्ट सुटली, काढायची विसरलो. माझ्या जागी रोहिदास उभा राहिला. सव्वातीनला त्याची किंकाळी. सगळ्यांत आधी मी पोचलो — आणि त्याला धरायच्या आधी सुपारी काढून खिशात टाकली.

हे आज पहिल्यांदा लिहितोय.

७ मार्च, शनिवार

काय हशा! टेपच्या जोकला पोरं लोळली. साहेब लोक मात्र उशिरा हसले, एकमेकांकडं बघून. तेव्हा डोक्यात उजेड पडला — हा जोक पटकन कळतो तो ज्यानं स्वतः टेप लावलीय त्यालाच! तीनशे माणसं कबुली देत होती आणि त्यांना पत्ता नव्हता. पुढच्या रांगेत रोहिदास, हसून हसून डोळे पुसतोय.

मला चेव चढला. हशा मिळाला की माझं भान जातं, शाळेपासूनचं आहे हे. न लिहिलेलं वाक्य तोंडातून गेलं — "टेप कशाला? सुपारी कोंबलीय! साक्षात गणपतीच बटण दाबून बसलाय!"

हॉल दणाणला. रोहिदास हसायचा थांबला. तो एकटाच. माझ्याकडं बघत राहिला.

८ मार्च

पहिलं बक्षीस मिळालं. स्टीलचा डबा. कपाटावर टाकला.

१० मार्च

कंपनीच्या गेटवर रोहिदास. वहीतून मान वर न करता म्हणाला, "सुजित, बाकी समदे जोक कळले. सुपारीचा न्हाई कळला. त्या दिवशी बटणापाशी मला सुपारीवानी कायतरी दिसल्यालं. कुणाला बोललो न्हाई. लोक म्हणले असते, आता देवावर ढकलतोय."

मी म्हणालो, बस सुटेल माझी. आणि पळालो! थू माझ्यावर.

११ मार्च

सुपारी अजून कपाटात आहे. देवाची म्हणून टाकवत नाही, असं स्वतःला सांगतो. खोटं आहे. कुणीतरी ती माझ्याकडं मागावी, असं वाटतं.

१२ मार्च, गुरुवार

रोहिदास वहिनींना घेऊन काळेवाडीत माझ्या घरी आला. बसल्या बसल्या — "हिला तो सुपारीचा जोक सांग. हिनं ऐकला न्हाई."

सांगितला. खंडेनवमीपासून खिशापर्यंत, सगळा. सुपारी पुढं ठेवली. उद्या ऑफिसात लिहून देतो, म्हणालो.

वहिनींनी माझ्याकडं बघितलंच नाही. नवऱ्याचा तो हात ओढून मांडीवर घेतला. "मग पाच म्हयनं म्या तुमाला उगंच बोलत व्हते व्हय?"